कंट्रोलमध्ये अंगठा का लागत नाही? फिंगरप्रिंट पडताळणीची अचूकता नेमकी कुठे वाढते

यवतमाळ जिल्ह्यात रेशन दुकानाला आजही बरेच लोक 'कंट्रोल' म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, एखाद्या कंट्रोलसमोर थोडा वेळ उभं राहून बघा. एखादी आजी मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणतं. ती अंगठा पदराला पुसते आणि पुन्हा ठेवते. परत नाही. मग रांगेतून कोणीतरी सांगतं, "आजी, डोक्यावरून फिरव बोट." आजी केसांवरून बोट फिरवते, तेलकट झालेलं बोट काचेवर टेकवते आणि कधी कधी खरंच काम होतं. नाहीच झालं तर दुकानदार म्हणतो, "उद्या पोराले पाठवा, आजी."

आता उद्या पोरगा आला तर त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली. पोरगा पुण्याला कामाला असेल तर? अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी ५ किलो. ज्या घरात एकटीच म्हातारी राहते, तिच्यासाठी त्या काचेवरचा तो एक सेकंद म्हणजे महिन्याच्या पिठाचा प्रश्न असतो.

आणि त्याच स्कॅनरच्या माहितीपत्रकावर अचूकता ९९ टक्क्यांच्या पुढे लिहिलेली असते. मग दोघांपैकी खोटं कोण? गंमत म्हणजे कोणीच नाही. आजीचं बोटही खरं आहे आणि तो आकडाही बहुधा खरा आहे. हे कसं, ते समजलं की फिंगरप्रिंट सिस्टीमची अचूकता वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हेही बऱ्यापैकी समजतं.

मशीन बोटात बघतं तरी काय?

आपल्या बोटाच्या कातडीवर उंच रेघा असतात आणि दोन रेघांच्या मध्ये चर असतात. रेघांचं साधारण अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आधारसाठी वापरले जाणारे स्कॅनर ५०० डीपीआयचे असतात, म्हणजे एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत फोटोत जेमतेम ९ पिक्सेल मिळतात. सगळा खेळ या ९ पिक्सेलवर चालतो.

ऑप्टिकल स्कॅनरमध्ये काचेच्या प्रिझमला आतून प्रकाश दिलेला असतो. जिथे बोट टेकलेलं नाही तिथे प्रकाश पूर्ण परावर्तित होतो आणि तो भाग उजळ दिसतो. जिथे रेघ काचेला चिकटून टेकते तिथे परावर्तन मोडतं आणि तो भाग काळा दिसतो. म्हणजे स्कॅनर खरं तर बोटाचा फोटो काढतच नाही. बोट काचेला कुठे कुठे टेकलंय, याचा तो नकाशा काढतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाला येणार आहे.

त्या नकाशातून सॉफ्टवेअर दोन प्रकारच्या जागा शोधतं: रेघ जिथे अचानक संपते ती, आणि एका रेघेच्या दोन होतात ती. या जागांना मिन्युशिया म्हणतात. चांगल्या ठशात अशा तीसेक जागा सहज मिळतात. प्रत्येकीची जागा आणि दिशा लिहून ठेवली की झाला टेम्प्लेट. पडताळणी म्हणजे नोंदणीच्या वेळचा टेम्प्लेट आणि आत्ताचा टेम्प्लेट एकमेकांवर ठेवून किती मिन्युशिया जुळतात त्याचा स्कोअर काढणं. स्कोअर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर हो, नाहीतर नाही.

रेशनच्या ई-पॉस मशीनमध्ये ही जुळवणी होत नाही, हेही सांगून ठेवतो. मशीन फक्त ठसा घेतं, तो एन्क्रिप्ट करून आधारच्या सर्व्हरला पाठवतं आणि तिकडून हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. त्यामुळे दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. स्कोअर किती आला, किती कमी पडला, हे त्यालाही दिसत नाही.

पऱ्हाटीची बोटं

आता कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताकडे बघू. कापूस हातानेच वेचावा लागतो. बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि टोकं सुईसारखी होतात. तीन बोटांच्या चिमटीत सरकीसकट कापूस ओढायचा, दिवसभर, शेकडो बोंडांतून. त्या चिमटीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असतं. मशीनवर नेमकी हीच बोटं लावायची आपल्याला सवय असते!

पाकळीच्या टोकाने कातडीवर बारीक काप पडतात. काप रेघांना आडवा गेला की तो जितक्या रेघा तोडतो, तितक्या ठिकाणी दोन-दोन नवी टोकं तयार होतात. सॉफ्टवेअरला ती मिन्युशियाच वाटतात. म्हणजे खऱ्या तीस खुणांमध्ये वीस खोट्या खुणा घुसल्या. त्यात थंडीत आपल्याकडची हवा कोरडी, हात फुटलेले. कोरडी रेघ काचेला सलग टेकत नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी टेकते. मघाशी म्हटलं तसं, स्कॅनर फक्त टेकण्याचा नकाशा काढतो. त्यामुळे एक अखंड रेघ त्याला तुटक दिसते आणि प्रत्येक तुटीपाशी पुन्हा खोटं टोक. उलट बोट फार ओलं असेल तर चरांत पाणी भरतं, शेजारच्या रेघा एकमेकींना चिकटतात आणि खोटे फाटे दिसायला लागतात.

वय हा तिसरा मुद्दा. म्हातारपणी कातडीची लवचिकता कमी होते, रेघांची उंची कमी होते. आयुष्यभर निंदण, भांडी, शेण-माती केलेल्या हातांवर रेघा मुळातच पुसट असतात.

डोक्यावरून बोट फिरवण्याचं शास्त्र आता कळलं असेल. केसातलं तेल कोरड्या रेघेला काचेशी चिकटायला मदत करतं. जुगाड अगदी बरोबर आहे. फक्त तेच तेल काचेवर मागे राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या माणसाच्या ठशात मागच्याची भुतं उमटतात. म्हणून दर काही माणसांनंतर काच कोरड्या मऊ कापडाने पुसली पाहिजे. सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच, आणि सगळ्यात कमी केली जाणारीही.

एक दिलाशाची गोष्ट म्हणजे रेघांचा मूळ साचा कातडीच्या आतल्या थरात असतो. तो गर्भातच तयार होतो. वरचा थर झिजला किंवा कापला तरी आतला थर शाबूत असेल तर हाताला आराम मिळाल्यावर काही आठवड्यांत त्याच रेघा परत उमटतात. बोट 'गेलेलं' नसतं, बहुतेक वेळा ते फक्त थकलेलं असतं.

९९ टक्के, पण कोणाच्या बोटांवर?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी फिंगरप्रिंट मॅचर बनवला होता. असे प्रोजेक्ट दरवर्षी शेकड्याने होतात, त्यात विशेष काही नाही. डेटा म्हणून एफव्हीसी २००४ वापरला. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या स्पर्धेचा हा डेटा. त्यात चार संच, प्रत्येकात ११० बोटं आणि प्रत्येक बोटाचे ८ ठसे, म्हणजे संचामागे ८८० ठसे. माझ्या प्रोग्रामचा आकडा कागदावर झकास आला. सुट्टीत गावी गेलो तेव्हा स्कॅनर सोबत होता. वडिलांच्या हातावर चालला. आजीच्या दहा बोटांपैकी एकही धड लागलं नाही.

मग त्या डेटाबद्दलची माहिती नीट वाचली, जी मी आधीच वाचायला हवी होती. ठसे देणारे स्वयंसेवक बोलोन्याचे कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी होते, सरासरी वय २४. आयोजकांनी मुद्दाम कठीण परिस्थिती तयार केली होती. बोटं वाळवायला लावली, ओली करायला लावली, काचेवर तिरकी दाबायला लावली. ते प्रामाणिक लोक होते, त्यांच्या कामावर माझा आक्षेप नाही. पण कीबोर्ड बडवणारं २४ वर्षांचं बोट मुद्दाम वाळवलं म्हणून ते चाळीस वर्षं पऱ्हाटीत राबलेलं बोट होत नाही ना!

म्हणून कोणी अचूकतेचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा: बोटं कोणाची होती? वय काय, काम काय, ऋतू कोणता? याच्या चांगल्या बाजूचं एक उदाहरणही आहे. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे अनिल जैन आणि त्यांच्या टीमला तान्ह्या बाळांचे ठसे ओळखायचे होते. मोठ्यांच्या डेटावर खटपट करत बसण्यापेक्षा त्यांनी आग्र्याजवळच्या दयालबागच्या दवाखान्यात खऱ्या बाळांचे ठसे घेतले आणि त्या इवल्या रेघांसाठी १९०० डीपीआयचा वेगळा स्कॅनर बनवला. ज्याच्यासाठी सिस्टीम आहे त्याच्याच बोटांपासून सुरुवात केली. वेचणी करणाऱ्या हातांसाठी एवढं कोणी केलं तर तो खरा संशोधनाचा विषय होईल. आपल्याकडच्या कॉलेजांनी हा विषय जरूर घ्यावा, रीतसर लेखी संमती घेऊन.

मेंढ्या आणि बकऱ्या

आता थोडं गणित करू. मार्च २०१८ मध्ये आधारचे तेव्हाचे प्रमुख अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठासमोर सादरीकरण केलं. त्यात सरकारी सेवांसाठीच्या आधार पडताळणीचं यश ८८ टक्के असल्याचं सांगितलं गेलं. आता ८८ टक्के व्यवहार यशस्वी म्हणजे १२ टक्के माणसं वंचित असा अर्थ होत नाही. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा लागू शकतो. पण मग किती माणसं शेवटी हात हलवत परत जातात?

इथे दोन चित्रं काढून बघू. दोन्ही काल्पनिक आहेत, फक्त समजण्यासाठी. समजा गावात १००० माणसं आहेत आणि प्रत्येकाला तीन प्रयत्न मिळतात.

पहिलं चित्र: प्रत्येकाच्या यशाची शक्यता सारखीच, ८८ टक्के. तीनही वेळा अपयश येण्याची शक्यता ०.१२ चा घन, म्हणजे ०.००१७. हजारात दोन माणसं परत गेली. ठीक आहे, दोघांना रजिस्टरवर सही घेऊन धान्य देऊ.

दुसरं चित्र: ८५० माणसांची बोटं उत्तम, यश ९८ टक्के. उरलेल्या १५० माणसांची बोटं झिजलेली, यश फक्त ३१ टक्के. गावाची सरासरी काढा, पुन्हा ८८ च येते. पण आता तीन प्रयत्नांनंतर काय होतं? ८५० पैकी जवळपास कोणीच अडकत नाही. १५० पैकी मात्र ०.६९ चा घन, म्हणजे तिसरा हिस्सा अडकतो. साधारण ४९ माणसं.

सरासरी तीच आणि परत जाणारी माणसं दोनाऐवजी एकोणपन्नास! शिवाय पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दीडशेतली. खरं आयुष्य दुसऱ्या चित्रासारखं असतं, कारण अपयश हे नाणेफेकीसारखं दरवेळी नव्याने ठरत नाही. ते माणसाला चिकटलेलं असतं.

बायोमेट्रिक्समध्ये याला जुनं आणि मजेदार नाव आहे. १९९८ मध्ये जॉर्ज डॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी आवाज ओळखणाऱ्या सिस्टीमचा अभ्यास करताना माणसांची प्राण्यांत वाटणी केली. सिस्टीम ज्यांना सहज ओळखते त्या मेंढ्या, ज्यांना ओळखणं कठीण जातं त्या बकऱ्या. शिवाय ज्यांची नक्कल सहज होते ती कोकरं आणि जे दुसऱ्याची नक्कल चांगली करतात ते लांडगे. आपल्या भाषेत बळीचा बकरा हा शब्द आधीपासूनच आहे, त्यामुळे आपल्याला ही कल्पना समजायला जड जाऊ नये.

इंजिनिअर म्हणून यातून एक कामाची गोष्ट निघते. अचूकता वाढवायची म्हणजे ८५० मेंढ्यांना ९८ वरून ९९ टक्क्यांवर नेण्यात फार मतलब नाही. सरासरी त्यानेही वाढते, प्रेझेंटेशनही छान होतं. पण कंट्रोलसमोरची रांग तशीच राहते. सगळी मेहनत त्या १५० वर लावायला हवी. आणि त्यासाठी आधी लॉग माणसागणिक बघावे लागतात. 'या महिन्यात किती टक्के व्यवहार यशस्वी' एवढाच रिपोर्ट काढला तर बकऱ्या सरासरीत बुडून जातात. 'गेल्या तीन महिन्यांत कोणाचं बोट एकदाही पहिल्या प्रयत्नात लागलं नाही' हा रिपोर्ट काढला तर गावातली नावंच समोर येतात.

मर्यादा खाली आणली तर?

हा प्रश्न हमखास येतो. स्कोअरची मर्यादाच कमी करा की, म्हणजे आजी पास होईल. होईल, पण तिच्या जागी दुसरं कोणी येऊन पास होण्याची शक्यताही वाढेल. खऱ्याला नाकारणं आणि खोट्याला स्वीकारणं ही दोन टोकं एकाच दांडीला बांधलेली आहेत. तराजूसारखं आहे, एक पारडं उचललं की दुसरं खाली जातं.

आणि धोका काल्पनिक नाही. बोटाचा ठसा लावून बँकेतून पैसे काढायची जी आधार-आधारित पद्धत आहे, तिच्यात सिलिकॉनचे नकली ठसे वापरून लोकांची खाती साफ केल्याची प्रकरणं अनेक राज्यांत झाली. काहींत जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे वेबसाइटवरून उचलले होते. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये आधारने नवी व्यवस्था जाहीर केली. आता फक्त मिन्युशिया न बघता ठशाची पूर्ण प्रतिमाही तपासली जाते आणि बोट जिवंत आहे की नकली, हे एआयच्या मदतीने पारखलं जातं. स्कॅनरही जुन्या एल-झीरो प्रकारातून जास्त सुरक्षित एल-वन प्रकारात न्यायला सुरुवात झाली.

सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. माझी शंका एवढीच की जिवंतपणाची तपासणी घाम, लवचिकता, कातडीचा पोत अशा गोष्टींवर चालते आणि कोरडं, कडक, घाम नसलेलं बोट नेमकं याच बाबतीत कमी पडतं. त्यामुळे नवं मॉडेल आलं की नकली ठसे किती पकडले याबरोबर खरे शेतमजूर किती अडवले, हाही आकडा विचारायला हवा.

मग सुधारायचं कुठे?

सगळ्यात जास्त फायदा ठसा घेतानाच होतो, जुळवणी करताना नाही. एकदा कचरा आत आला की अल्गोरिदम कितीही भारी असला तरी त्याची चिवडाचिवड करत बसतो. म्हणून ठसा पाठवण्याआधीच त्याचा दर्जा मोजायचा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने यासाठी एनएफआयक्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर दिलंय. त्याची दुसरी आवृत्ती ठशाला ० ते १०० गुण देते. आधारचे स्कॅनरही ठशासोबत दर्जाचा स्कोअर आणि किती मिन्युशिया सापडल्या तो आकडा ॲपला परत देतात. पण बहुतेक ॲप्स तो स्क्रीनवर 'ठसा नीट आला नाही' एवढ्यावर संपवतात. त्याऐवजी 'बोट कोरडं आहे, ओल्या फडक्याला लावून परत ठेवा' किंवा 'फक्त टोक टेकलंय, बोट आडवं ठेवा' असं मराठीत, जमल्यास आवाजात सांगितलं तर निम्मं भांडण तिथेच मिटेल. हे काम अवघड नाही. एका चांगल्या डेव्हलपरचं काही आठवड्यांचं काम आहे.

बोट कसं ठेवायचं, हेही फार कमी लोकांना कोणी सांगितलेलं असतं. नखाजवळचं टोक टोचायचं नाही. बोटाच्या पेराचा फुगीर मधला भाग, जिथे रेघांचा भोवरा किंवा कमान असते, तो काचेच्या मध्यभागी यायला हवा. फार दाबलं तर रेघा पसरून चिकटतात, हलकं ठेवलं तर टेकतच नाहीत. मशीन दारात उन्हात ठेवू नये, बाहेरचा तीव्र प्रकाश ऑप्टिकल सेन्सरला गोंधळात पाडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बोट बदला. आधार नोंदणीत दहाही बोटं घेतलेली असतात, पण आपण सवयीने उजवा अंगठाच पुढे करतो. वेचणीत न झिजणारी करंगळीशेजारची अनामिका किंवा डाव्या हाताची बोटं पुष्कळदा जास्त चांगली लागतात. कोणाचं कोणतं बोट सर्वोत्तम, हे दहाही बोटं तपासून क्रमवार सांगायची सोय आधारने सुरुवातीच्या काळातच केली होती. एकदा हा क्रम कळला की तो कार्डाच्या मागे पेनाने लिहून ठेवायचा, इतकं साधं आहे. दोन वेगवेगळ्या बोटांचे ठसे एकत्र तपासायची जी फ्युजन पद्धत आहे, तीही इथेच कामाला येते. एका बोटातून दहा खुणा जुळल्या आणि दुसऱ्यातून आठ, तर वेगवेगळी दोन्ही नापास झाली असती, एकत्र पास होतात. शिवाय मर्यादा खाली न आणता.

तिसरी गोष्ट नोंदणीची. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. महाराष्ट्रात त्यानंतर पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणावर नोंदणी झाली. म्हणजे अनेकांचा साठवलेला ठसा दहा-बारा वर्षांचा जुना आहे, आणि तोही कॅम्पच्या गर्दीत घाईत घेतलेला. पडताळणीत दोन ठसे असतात, एक साठवलेला आणि एक आजचा. आजचा खराब असेल तर साठवलेला तरी चांगला हवा. दोन्ही खराब असले की खेळ खलास. म्हणून बायोमेट्रिक अपडेट करून घ्यावं, पण वेळ निवडून. वेचणीच्या ऐन हंगामात फुटक्या बोटांनी अपडेट केलं तर खराब ठसाच पुढची अनेक वर्षं कायम होतो. हंगाम संपल्यावर तीन-चार आठवडे थांबा, रोज रात्री हाताला खोबरेल तेल किंवा ग्लिसरीन लावा आणि मग केंद्रात जा. जाण्याच्या दिवशी मात्र हात साबणाने धुऊन कोरडे करून जा, तेलकट नको.

सॉफ्टवेअरच्या बाजूने तुटक्या रेघा सांधायच्या जुन्या पद्धती आहेत. ठशाच्या प्रत्येक छोट्या भागात रेघांची दिशा आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्याच दिशेचा गॅबर फिल्टर लावायचा. आडवा काप रेघांच्या दिशेशी जुळत नाही, त्यामुळे तो पुसट होतो आणि तुटलेली रेघ भरून निघते. आता हेच काम डीप लर्निंग जास्त चांगलं करतं. मात्र जपून. फार उत्साही मॉडेल जिथे रेघच नाही तिथेही सुंदर रेघ काढून दाखवतं. फोटो सुंदर दिसतो, पण ते बोट मग कोणाचंच नसतं. असं मॉडेल चाचणीला लावताना फोटो बघून खूश न होता, स्कोअर खरोखर वाढला का एवढंच बघायचं.

हार्डवेअरमध्येही पर्याय आहेत. मल्टिस्पेक्ट्रल सेन्सर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश कातडीच्या आत पाठवून वरच्या थराखालच्या रेघाही वाचतो, म्हणजे वरचा थर झिजला तरी तो अडत नाही. लुमिडिग्म कंपनीचे असे सेन्सर ब्राझीलमधल्या एटीएमवर वापरले गेले. साध्या ऑप्टिकल स्कॅनरपेक्षा ते महाग पडतात. प्रत्येक दुकानात नको, पण तालुक्याच्या ठिकाणी, जिथे नेहमी अडकणारी माणसं जाऊ शकतील, असं एखादं तरी हवं असं मला वाटतं.

आणि काही बोटं काहीही केलं तरी लागणार नाहीत, हे मान्य करायला हवं. तिथे डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा. नोंदणीत दोन्ही बुबुळं घेतलेलीच असतात आणि कापूस वेचून ती झिजत नाहीत, मोतीबिंदूचा प्रश्न मात्र येतो. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी सुरू आहे आणि आता रेशन कार्डाच्या ई-केवायसीतही ती आली आहे. ओटीपीचा पर्याय कागदावर सोपा आहे, पण आजीच्या आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा पोराचा असतो, आणि तो पोरगा पुण्यातच.

कॉलेज, ऑफिसच्या हजेरी मशीनवाल्यांसाठी

तुम्ही स्वतः छोटी सिस्टीम बनवत असाल तर एवढं करा: प्रत्येक माणसाची किमान दोन बोटं आणि प्रत्येक बोटाचे तीन-चार ठसे नोंदवा, एकाच वेळी नको, वेगवेगळ्या दिवशी. जो ठसा मोठ्या फरकाने जुळला, तो नवा टेम्प्लेट म्हणून साठवता येतो, म्हणजे बोट बदलत गेलं तरी सिस्टीम सोबत चालते. पण काठावर पास झालेला ठसा कधीच साठवू नका, नाहीतर हळूहळू टेम्प्लेट दुसऱ्याच माणसाकडे सरकत जातो.

मशीन नाही म्हणालं तर

मशीनवर येणारा एरर कोड दुकानदाराला विचारून घ्या. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, मग वरचे उपाय करून बघा. ३३० म्हणजे तुमचं बायोमेट्रिक लॉक केलेलं आहे. बोटात काही दोष नाही, फक्त अनलॉक करावं लागेल. ८११ म्हणजे आधारच्या सर्व्हरवर तुमच्या बोटांचा डेटाच नाही. इथे दुकानात शंभर वेळा बोट घासून काही होणार नाही, थेट आधार केंद्रच गाठा. आणि नेटवर्कच नसेल, जे झरी जामणी, मारेगावकडच्या कोलाम पोडांवर नवीन नाही, तर तो दोष बोटाच्या खात्यात टाकू नका. दुकानदारांनीही या दोन प्रकारच्या अपयशांची नोंद वेगळी ठेवली तर पुढचा उपाय वेगळा निघतो: एकाला मलम लागतं, दुसऱ्याला टॉवर.

ठसा जुळलाच नाही तरी धान्य नाकारता येत नाही, हेही माहीत असू द्या. २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात आधार प्राधिकरणाने पडताळणी फसली तर पर्यायी मार्ग वापरण्याची आणि अशा प्रकरणांची वेगळी नोंद ठेवण्याची पद्धत सांगितली आहे. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही पडताळणी अयशस्वी झाली म्हणून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, असं बजावलं आहे. कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कोणाचंही बोट चालतं. कोरोनाच्या काळात तर राज्य सरकारने संसर्गाच्या भीतीने लाभार्थ्यांऐवजी दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायला परवानगी दिली होती. म्हणजे मशीनला वळसा घालायचा रस्ता सिस्टीममध्ये आहे, तो उघडायचा की नाही हे माणसंच ठरवतात. दुकानदार ऐकत नसेल तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा विभागात लेखी अर्ज द्या. अर्जात तारीख, कार्ड नंबर, किती वेळा बोट लावलं आणि कोणता कोड आला हे लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.